चौदा मशिनी, एक किल्ली

महेंद्र सबनीस सरांनी उभ्या आयुष्यात स्वतःचा म्हणावा असा एकच प्रोग्रॅम लिहिला. जेमतेम वीस ओळींचा. आणि त्याचं काम काय, तर पुसणं. रोज संध्याकाळी साडेसातला सर आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून तो चालवायचे, की उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासात चौदाच्या चौदा मशिनी सकाळी होत्या तशा कोऱ्या व्हायच्या. सर त्याला 'मशिनी धुणं' म्हणायचे. "चला, उठा, धुवायची वेळ झाली," अशी हाक आली की पोरं घाईघाईने आपलं काम वर पाठवायची आणि चपला शोधायला लागायची. ज्याचं पाठवायचं राहिलं, त्याचं गेलं. त्यावर रडारड चालायची नाही.

आता हे धुणं म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे डोक्यावरून जाईल. क्लासचे कॉम्प्युटर जुने. सकाळी त्यांवर टायपिंगच्या बॅचा चालायच्या आणि त्यातल्या विंडोजला हात लावायची मालकांची सक्त मनाई. म्हणून सरांनी प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवला होता, व्हर्च्युअल मशीन. त्याची खिडकी उघडली की आत लिनक्स, बंद केली की बाहेर टायपिंगवाल्या बाया खुशाल बसायला मोकळ्या. पोरांनी दिवसभर आत काय वाट्टेल तो धुडगूस घालावा, संध्याकाळी सर आतलं मशीन ठरलेल्या कोऱ्या स्थितीला परत आणणार. मग पोरांचं काम राहायचं कुठे? तर ते गिट नावाचं साधन वापरून इंटरनेटवरच्या एका साइटवर पाठवायचं. ती साइट म्हणजे दूरचं कपाट समजा. कपाटात काही ठेवलं की तारीख, वेळ आणि ठेवणाऱ्याचं नाव आपसूक नोंदलं जातं. आणि कपाटाला किल्ली लागते. पोरं तिला एसएसएच की म्हणायची, सर आपले 'किल्ली'. कुलूप साइटवर, किल्ली मशीनच्या पोटात. पासवर्ड नाही, काही नाही. किल्ली असली की दार उघडतं.

पहिल्या बॅचला सरांनी प्रत्येक पोराकडून स्वतःची किल्ली बनवून घेतली होती, अगदी पुस्तकात सांगितलंय तशी. संध्याकाळी मशिनी धुतल्या, दुसऱ्या दिवशी चौदाही किल्ल्या गायब! पुन्हा बनवल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी सर वैतागले. त्यांनी मूळ कोऱ्या मशीनमध्येच एक किल्ली बनवून ठेवली आणि त्या मशीनच्या नकला चौदा कॉम्प्युटरांत टाकल्या. आता कितीही धुवा, किल्ली जाग्यावर. पण ती पोरांच्या खात्यांना लागेना. एक किल्ली साइट एकाच खात्याला घेते, दुसऱ्याने लावली की सांगते, ही आधीच वापरात आहे. मग काय, सगळ्यांनी सरांच्याच खात्यात आपापला कप्पा करायचा असं ठरलं. किल्ली बनवली त्याच वेळी गिटने विचारलं होतं, तू कोण ते सांग. सरांनी तात्पुरतं म्हणून स्वतःचं नाव आणि ईमेल टाकलं. नंतर बदलू म्हणाले. आपल्याकडे 'नंतर' नावाची जी गोष्ट आहे ती कधी उजाडलेली कोणी पाहिलीय का? चार वर्षं गेली. चौदा मशिनी, साठ-सत्तर पोरं, आणि कपाटातल्या प्रत्येक नोंदीवर एकच नाव, महेंद्र सबनीस.

सर माणूस वाईट नव्हते हो. उलट फार जीव लावणारे. अंबरनाथ पश्चिमेला राहायचे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग एका कारखान्यात टेस्टिंगला सतरा वर्षं. कारखाना बंद पडला तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. तोवर स्वतःचे स्वतः प्रोग्रॅमिंग शिकले होते आणि एकच इच्छा होती, कुठल्यातरी कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून बसावं, आपण लिहिलेलं काहीतरी कोणीतरी वापरावं आणि त्यावर आपलं नाव असावं. अकरा इंटरव्ह्यू दिले. पोरवयाची माणसं समोर बसून विचारायची, अंकल, तुम्ही आतापर्यंत केलेलं काही दाखवा ना. दाखवायला काही नव्हतंच. बाराव्या वेळी ते गेलेच नाहीत आणि शिकवायला लागले. बायको, वृंदा, बालवाडीत शिकवायची. ती म्हणायची, "तुम्ही आणि मी सारखेच. पोरं पुढे जातात, आपण बाकावर."

साइटवर प्रत्येक माणसाचं एक पान असतं. ज्या दिवशी तो काम ठेवतो त्या दिवशी तिथे एक छोटा हिरवा चौकोन उमटतो. जितकं काम जास्त तितका रंग गडद. सरांचं पान तुम्ही बघायला हवं होतं! वर्षभराचे चौकोन, गणपतीचे दीड दिवस आणि दिवाळी सोडली तर सगळं हिरवंगार. एखाद्या मोठ्या कंपनीतल्या पट्टीच्या प्रोग्रॅमरचंही इतकं भरलेलं नसेल. सकाळी चहा पिताना सर मोबाइलवर ते पान उघडायचे. दोन मिनिटं बघायचे आणि बंद करायचे. कोणाला दाखवायचे नाहीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण नागोबाला काही ते ठाऊक नसतं. सरांना ठाऊक होतं.

आणि कोणी सांगितलं नाही असंही नाही. दुसऱ्याच बॅचला सुजित नावाचा शहाडचा एक पोरगा होता, चलाख. तो एकदा म्हणाला, "सर, एक लोचा आहे. सगळीकडे तुमचंच नाव येतंय."

सर म्हणाले, "तुझ्या कप्प्याच्या पहिल्या पानावर तुझं नाव लिहिलंयस ना? मग झालं तर. काम बोलतं रे, नाव नाही."

सुजितने मान हलवली आणि खाली बघून टाइप करायला लागला. पाच मिनिटांचं काम होतं. प्रत्येकाने बसल्या बसल्या आपलं नाव सांगायचं, दोन ओळी. सरांना ते येत नव्हतं का? पण मग ते पान रिकामं झालं असतं.

ओवी आली ती चौथ्या वर्षी. पालेगावची. तिचा बाप हिरामण याची भातशेती होती तिथे आता सतरा मजल्यांचे चार टॉवर उभे आहेत आणि हिरामण त्यांच्याच बागेत माळी आहे. टॉवरांना नळाचं पाणी पुरत नाही, टँकर येतात. कुठल्या इमारतीचा टँकर कधी आला, कोणी घेतला, कोणाचा दुसऱ्यानेच पळवला, यावरून गेटवर रोज भांडणं, आणि वॉचमन लोकांना शिव्या. ओवीने त्यावर प्रोग्रॅम लिहिला. वॉचमनने मोबाइलवर बटण दाबायचं, टँकर आला, अमुक इमारत, अमुक वेळ. संपलं भांडण. चारही टॉवरांचे वॉचमन तो खरोखर वापरायचे. सरांच्या क्लासातून बाहेर पडून कोणाच्या तरी रोजच्या उपयोगाला आलेली ही पहिलीच वस्तू. घरी तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. ओळ न् ओळ तिने क्लासातल्या नऊ नंबरच्या मशीनवर लिहिली. सव्वा वर्षात दोनशे बारा नोंदी.

ऐरोलीच्या एका कंपनीने तिला निवडलं. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी झाली, शेवटी म्हणाले, आता फक्त तुमच्या कामाची लिंक पाठवा. कंपनी फक्त त्या-त्या वर्षी आणि फार तर आदल्या वर्षी पदवी घेतलेल्यांनाच घ्यायची. ओवीची पदवी गेल्या वर्षीची, म्हणजे हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती जुनी होणार होती. हिरामणने त्या आठवड्यात सरांना दुधी आणि भेंडीची पिशवी आणून दिली, टॉवरच्या मागे स्वतः लावलेली.

सोमवारी दुपारी ओवी फोन हातात धरून सरांच्या टेबलाशी आली. चेहरा असा की सरांनी आधी खुर्ची पुढे केली.

"सर, मेल आलाय. ते बोलतायत, हे काम तुझं नाहीच आहे. दोनशे बाराच्या दोनशे बारा एंट्री कोणी महेंद्र सबनीस आहे त्याच्या. शुक्रवारपर्यंत प्रूफ दे, नाहीतर खोटी माहिती दिली असं लिहून केस क्लोज."

सरांनी मेल वाचला. पुन्हा वाचला. "अगं, एवढंच ना," ते म्हणाले. "मी लिहून देतो. माझंच नाव आहे ना त्यावर? मीच सांगतो की मी नाही लिहिलं. याहून मोठा पुरावा काय असतो?"

त्याच दुपारी क्लासच्या लेटरहेडवर पत्र गेलं, क्लासात सगळ्यांना एकच किल्ली आहे असं लिहून, गोल शिक्का मारून. मंगळवारी उत्तर आलं. फार नम्र उत्तर. पत्र चालणार नाही, आम्ही नोंदींवर जातो. शिवाय एकाच किल्लीने किती जण काम ठेवत होते ते कळेल का? साठ-सत्तर, हे सर लिहिणार कसे? लिहिलं असतं तर मग ओवीने लिहिलं की उरलेल्या साठ-सत्तरांपैकी कोणी, हा पुढचा प्रश्न.

सर म्हणाले, पुरावा मशीनमध्येच असेल. लिनक्सचं एक बरं असतं, कोणी कधी काय टाइप केलं त्याची यादी ते ठेवतं. नऊ नंबरवर ओवीची सव्वा वर्षाची यादी असणार. सर उठले, चार पावलं गेले आणि नऊ नंबरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. यादी कुठली? रोज संध्याकाळी साडेसातला त्यांनीच तर ती धुतली होती. सव्वा वर्ष, न चुकता, स्वतःच्या हाताने.

ओवी बघत होती. तिला कळलं. तिने आपली वही पिशवीत टाकली, आणि सरांना तेच सोसेना.

आणि मग सरांनी ते केलं. माणूस घाबरला की सवयीचंच काहीतरी करायला जातो. सरांची सवय स्वच्छ करायची. गिटमध्ये जुन्या नोंदींवरचं नाव बदलता येतं. एक आज्ञा दिली की पहिल्या नोंदीपासून शेवटच्यापर्यंत सगळीकडे नवं नाव बसतं. बुधवारी सकाळी सरांनी दोनशे बारा नोंदींवर ओवीचं नाव चढवलं, तारखा होत्या तशा ठेवल्या, आणि जुनं काढून नवं वर पाठवलं. अकरा मिनिटांत झालं. पान उघडलं तर सगळीकडे ओवी, ओवी, ओवी. आणि सरांच्या स्वतःच्या पानावर सव्वा वर्षाचं हिरवं फिकं झालं. ते बघून त्यांना खरंच बरं वाटलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"बघ," ते ओवीला म्हणाले, "जे चार वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते आज केलं. पाठव त्यांना, म्हणावं पुन्हा बघा."

ओवीने पाठवलं. तिचा सरांवर विश्वास होता.

वरातीमागून घोडं म्हणतात, पण घोडं नुसतं मागून आलं तर निभावतं. हे घोडं वरातीत घुसून नवरदेवालाच लाथ मारून गेलं. गिटमधल्या प्रत्येक नोंदीला एक लांबलचक आकडा असतो. नोंदीतलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो आणि त्यामागून पुढच्या सगळ्या नोंदींचेही बदलतात. सर हे दर बॅचला शिकवायचे. फळ्यावर बाण काढून शिकवायचे! कंपनीने सोमवारीच कपाटातल्या सगळ्याची नक्कल उतरवून घेतली होती. गुरुवारी त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं. एकही आकडा जुळेना. सोमवारी सगळं महेंद्र सबनीसांचं, बुधवारी विचारणा झाल्यावर सगळं ओवीचं. तुम्हीच सांगा, त्यांनी काय समजावं?

शुक्रवारी सकाळी सर दात घासत होते तेव्हा त्यांना हजेरीचं रजिस्टर आठवलं. तोंडातला फेस तसाच, ते बाहेर आले. "वृंदा, अगं रजिस्टर! पोरं येताना-जाताना वेळ टाकून सही करतात!"

वृंदा म्हणाली, "अहो, मग सोमवारी काय झालं होतं?"

सरांनी चूळ भरली. सर क्लासात गेले आणि रजिस्टर घेऊन बसले. बोट ठेवून एकेक दिवस लावत गेले. चौदा जून, ओवी आत दोन वाजता, बाहेर सव्वासातला. कपाटात नोंदी चार, तीन वाजून दहा ते सात वाजून पाच. पंधरा जून, ओवी गैरहजर, नोंद नाही. गणपतीनंतर ती आठवडाभर आजारी; तो आठवडा कोरा. दोनशे बारा नोंदी, एकही तिच्या सह्यांच्या बाहेर पडेना. हातच्या कांकणाला आरसा कशाला! सोन्यासारखा पुरावा, चार वर्षं खिळ्याला टांगलेला. सोमवारी हाच नेला असता तर...

रजिस्टर पिशवीत घालून ते ऐरोलीला गेले. गेटवर दीड तास बसवलं. मग एक मुलगी खाली आली, ओवीहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिने उभ्या उभ्या रजिस्टर चाळलं. नीट चाळलं, सरांना वाटलं आता पटतंय.

"सर, खरं सांगू?" ती म्हणाली. "हे तुम्ही सोमवारी आणलं असतं ना, तर मी स्वतः वर बोलले असते. पण बुधवारी हिस्टरी बदललीत तुम्ही. आता हे रजिस्टरसुद्धा कधी लिहिलंय, कोण बघणार?"

"मी बदलली. तिने नाही. तिला कशाला शिक्षा?"

"लिंक तिने पाठवली ना, सर. तिच्या मेलवरून." तिने रजिस्टर बंद करून दोन्ही हातांनी परत दिलं. "सकाळीच क्लोज झालंय. सॉरी, सर." तिला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

परत आले तो क्लासच्या जिन्यात हिरामण उभा. मातीचे हात धुऊन आला होता, नखांत तरी राहिलीच होती. ओवी बरोबर नव्हती.

"सर, माजे पोरीला चोर बोलले त्ये," हिरामण म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी माली मानूस. मना त्ये कॉम्पुटरचं कलत नाय. तुमी फकस्त येक सांगा. लिवलं कोनी?"

"तिने. सगळं तिने, हिरामणभाऊ."

"मंग नाव कोनाचं व्हतं?"

"माझं."

हिरामणने मान हलवली. "मंग त्ये खोटं नाय बोलले," तो म्हणाला आणि खाली उतरून गेला. सरांना वाटलं, याने शिव्या द्यायला हव्या होत्या. निदान एक.

शनिवारी सकाळी सरांनी साइटवर जाऊन ती किल्ली काढून टाकली. एक क्लिक. आता चौदा मशिनींमधून सरांच्या खात्याचं दार कोणालाच उघडणार नव्हतं. सोमवारपासून प्रत्येक पोराला स्वतःची किल्ली पेन ड्राइव्हवर, नाव घालून, हे त्यांनी ठरवलं. बैल गेला आणि झोपा केला, पण केला. मग त्यांना सुजित आठवला. शनिवारी दुपारी लॅब पोरांना खुलीच असायची, सरांची गरज नसायची. ते शहाडला गेले.

सुजित स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बसलेला होता, डोळ्याला भिंग लावून. सरांना बघून भिंग काढलं, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. सरांनी त्याला सगळं सांगितलं. सुजित ऐकत होता, मध्येच एका गिऱ्हाइकाला कव्हर दिलं.

"तू मला तेव्हाच सांगितलं होतंस," सर म्हणाले. "मी ऐकलं नाही. आज एवढंच सांगायला आलो."

"जाऊ द्या सर. पुरानी बात."

"तुझं तेव्हा... त्या ठाण्याच्या कंपनीचं काय झालं होतं? तू सांगितलंस की पगार कमी होता म्हणून सोडलं."

सुजितने चहाचा कप सरकवला. "सेम झालं होतं, सर."

"सेम म्हणजे?"

"हेच. बोलले, ये महेंद्र सबनीस कौन है? मी बोललो, सर आहेत. बोलले, मग सरांनाच पाठव." तो हसला. "नंतर अजून दोन ठिकाणी ट्राय केला. मग सोडून दिलं. आमच्या बॅचच्या तिघांचं तेच झालं."

सरांनी विचारलं, "आणि मला कोणीच सांगितलं नाहीत? इतकी वर्षं?"

"सांगून काय केलं असतं, सर? तुम्ही आमच्यासाठी एवढं करायचात. फी नव्हती त्याला फुकट बसवलंत." सुजितने भिंग उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "आणि तुम्ही ते पान उघडून बघायचात ना मोबाइलवर. आम्हाला मागून दिसायचं. फार खूश दिसायचात. मग कोणाची हिंमत होणार?"

चहा तसाच राहिला. सर उठले, 'येतो' म्हणाले, आणि शहाडवरून क्लासापर्यंत चालत आले. वाटेत कोणी नमस्कार केला तरी त्यांना दिसलं नसेल. तिघं, ते मोजत होते. एका बॅचचे तिघं. मग सहा बॅचा. ज्यांनी फोन करणं बंद केलं ते. ज्यांच्याबद्दल ते वृंदाला सांगायचे की पोरं सेटल झाली की विसरतात गं.

क्लासात पोहोचले तेव्हा साडेसात वाजत आले होते. पोरं गेलेली. वीज वाचावी म्हणून मॉनिटर आपोआप काळे होतात, तसे चौदाही काळे. पंखा एक चालू राहिलेला, तो त्यांनी बंद केला. खुर्चीत बसले. समोर आपल्या कॉम्प्युटरचा पडदा. हाताला दुसरं काही सुचेना. चार वर्षांची सवय, बोटांनी तो वीस ओळींचा प्रोग्रॅम चालवायची आज्ञा आपली आपण टाइप केली आणि एंटर दाबलं. एकापाठोपाठ एक ओळ उमटली, एक नंबर स्वच्छ, दोन नंबर स्वच्छ, करत करत चौदा नंबर स्वच्छ. दीड मिनिट लागलं.

कुलूप हातात घेऊन ते दारात आले तेव्हा मोबाइल वाजला. ओवीचा मेसेज. आठवडाभरात पहिलाच.

'सर, दुपारी येऊन गेले. तुम्ही नव्हता. तोंडावर बोलायला जमलं नसतं म्हणून नऊ नंबरवर लिहून ठेवलंय. पुश करत होते, पण परमिशन डिनाइड येतंय, किल्ली चालत नाही, म्हणून उघडंच ठेवलंय. धुवायच्या आधी वाचा हं.'

सर आत धावले. नऊ नंबरचा माउस हलवला. पडदा उजळला. कोरं. त्यांनी फोल्डर उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. परत आणण्याचे जे जे मार्ग ते फळ्यावर शिकवत आले होते ते सगळे केले. पण हे मशीन धुतल्यावर मागे काही उरू नये असाच तो प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता, आणि तो चांगला लिहिला होता.

मग फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला. मागे टँकरचा आवाज येत होता, कोणीतरी पाइप ओढत होतं.

"ओवी, अगं... धुतलं गं मी. आत्ताच. तुझा मेसेज नंतर बघितला."

पलीकडे टँकरचं इंजिन बंद झालं.

"काय लिहिलं होतंस? सांग मला. काहीही असलं तरी सांग."

"राहू द्या, सर."

"शिव्या असल्या तरी चालतील, बाळ. मला ऐकायच्यात."

"दीड तास बसून लिहिलं होतं, सर," ओवी म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता, नुसता थकलेला होता. "आता परत नाही लिहिता येणार." मग, जणू तिला नियम आठवला, ती म्हणाली, "पाठवायचं राहिलं ते गेलं. तुम्हीच सांगायचात ना."

फोन तिने ठेवला की सरांनी, ते त्यांना नंतर आठवेना. कोऱ्या मशीनमध्ये, कोणीही बसायच्या आधीच, गिटला सांगायचं नाव भरलेलं असायचं. सरांनी नऊ नंबरवर ते उघडून बघितलं. महेंद्र सबनीस. मूळ मशीन बदलायचं अजून राहिलंच होतं.